भैरवटेकडीच्या संडासाचं कुलूप

नगरसेविकापदाची मुदत संपून तीन वर्षं उलटून गेली होती, तरी वनमाला घाडीच्या दाराची बेल सकाळचा चहा उकळायच्या आत वाजायचीच. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या पत्र्यावर झाडाची फांदी टेकलीय, कुणाला पोराच्या शाळेसाठी शब्द टाकून हवाय. सुरुवातीला ती सांगून बघायची, "अहो, मी आता कोणी नाही." लोक मान डोलवायचे आणि आपलं गाऱ्हाणं पुढे चालू करायचे. त्यांचं तरी काय चुकत होतं? निवडणूक लांबत गेली होती. जुने गेले, नवे आले नाहीत, पालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. हे प्रशासक साहेब विक्रोळीच्या भैरवटेकडीवर कधी कुणी पाहिले नव्हते. वनमाला मात्र रोज दिसायची, भाजी घेताना, रिक्षाला हात करताना. जो दिसतो त्यालाच लोक विचारणार.

तिचंही बूड एका जागी ठरत नव्हतं. पूर्वी दिवसाला धरबंध होता. सभागृह, समितीची बैठक, वॉर्डातली फेरी. आता जेवण झालं की ती चपला घालायची. "खय चल्लंस?" तिचा नवरा चंद्रप्रकाश खुर्चीतून विचारायचा. तो कंपनीतून रिटायर होऊन घरी बसला होता आणि त्याला घरी बसणं छान जमलं होतं. "हयच," ती म्हणायची आणि टेकडी चढून पुन्हा उतरून यायची.

त्या सकाळी बेल श्वेतानं वाजवली. श्वेता टेकडीच्या वरच्या ओळीत राहायची, मुलुंडला दोन घरी पोळ्या लाटायला जायची. ती आत आलीच नाही, दारातूनच म्हणाली, "ताई, संडासाची जमीन हलतेय."

"हलतेय म्हणजे?"

"म्हणजे हलतेय. बायकांच्या बाजूला, शेवटच्या दोन सीटपाशी. बादली ठेवली ना, तर पाणी आपोआप हिंदकळतं. तुम्ही चला."

वनमाला गेली. सकाळची गर्दी ओसरली होती. बैठं बांधकाम, मध्ये भिंत, एकीकडे पुरुष, एकीकडे बायका, आणि सगळ्यांच्या खाली मैल्याची टाकी. टाकीवरचा स्लॅब हीच संडासाची जमीन. टोकाला जाऊन वनमालानं पाय आपटला. टाचेखाली लादी ढब्ब वाजली. पुन्हा आपटला, तशी समोरच्या दाराची कडी किणकिणली. ती भिंतीला धरून मागे सरकली. बाहेर येऊन उताराच्या बाजूनं बघितलं तर टाकीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग, आणि भेगेतून माती गळून खाली गटारात पांगलेली.

"कधीपासून आहे हे?"

"भेग तर कधीची आहे. हलायला लागलं गणपतीनंतर," श्वेता म्हणाली. "मी बोलले तर बायका म्हणतात, हलतंय तर हलू दे, पडलं तर नाही ना."

वनमालाला टाकीची खोली आठवली. एकावर एक दोन पुरुष उभे राहिले तरी वरच्याचे केस दिसणार नाहीत, एवढी. गाडी येऊन उपसायची तेव्हा तिनं वाकून बघितलं होतं. घरी न जाता ती तशीच खाली उतरली आणि वॉर्ड ऑफिसची रिक्षा पकडली.

वॉर्ड ऑफिसात पूर्वी ती शिरली की शिपाई उठून केबिनचं दार ढकलायचा. आता शिपाईही नवा होता. "बसा बाकावर, साहेब साईटवर गेलेत," तो म्हणाला. बाकावर बसणं तिला जमेना. ती व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिली. बऱ्याच वेळानं इंजिनिअर जयवंत म्हात्रे आला. तिच्या काळापासूनचा माणूस, कामाला वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळत म्हणाला, "मॅडम, तो संडास आमचा नाही."

"तुमचा नाही? गाडी तर तुमची येते टाकी उपसायला."

"गाडी येते. बांधलाय मात्र दुसऱ्या मंडळानं, झोपडपट्टी सुधारणेच्या योजनेत. त्यांनी आमच्याकडे कधी रीतसर सोपवलाच नाही. जमीन सरकारची. मी तिथे सिमेंटचं एक घमेलं टाकलं तरी ऑडिटवाले माझ्या पगारातून कापतील."

"आणि उद्या कोणी आत पडलं तर?"

म्हात्रेनं केबिनचं दार लोटून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही सभागृहात होतात ना, तेव्हा तुम्ही हरकतीचा मुद्दा काढायचात. वर कमिशनरांना उत्तर द्यावं लागायचं, ते खाली ओरडायचे आणि मी टेकडीवर धावत यायचो. आठवतंय? आता मला विचारणारंच कोणी नाही. वरच्यांना नाही, खालच्यांना नाही. तुम्हाला वाटत असेल यांची मजा आहे. मला झोप लागत नाही, मॅडम."

"मग या ना बघायला, एकदा."

"बघितलं की माझ्या अंगावर आलं," तो म्हणाला, आणि चहाचा कप उगाच फिरवत बसला.

दुसऱ्या दिवशी ती वांद्र्याला त्या मंडळाच्या ऑफिसात गेली. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की शौचालय बांधून झालं त्याच वर्षी पालिकेला दिलं. "ते म्हणतात मिळालं नाही," वनमाला म्हणाली. बाई म्हणाल्या, "ते असंच म्हणतात." तिथून ती कलेक्टरच्या ऑफिसात गेली. तिथे सांगितलं, जमीन आमची असली तरी वरचं बांधकाम आमचं नाही. वनमाला बाहेर रस्त्यावर उभी राहिली तेव्हा तिला क्षणभर कळेना की आपण आता कुठे जायचं. पंधरा पायऱ्या, एक टाकी, दोन ओळी सीट, शेकडो माणसं रोज जाणार, आणि ते बांधकाम कुणाचंच नव्हतं.

संध्याकाळी ती पक्षाच्या शाखेत गेली. नितेश तावडे खुर्चीत बसून फोनवर बोलत होता. एके काळी तिच्या प्रचारात खळ लावलेली पोस्टरं चिकटवायचा, आता शाखा त्याच्या हातात होती. तिचं ऐकून तो म्हणाला, "वहिनी, विषय झकास आहे, पण आत्ता नको. निवडणूक लागेल दोन-चार महिन्यांत. तेव्हा आपण मोर्चा काढू, पेपरवाले बोलवू. आत्ता संडास बंद पाडलात तर शिव्या कुणाला पडतील? आपल्याला."

"आणि दोन-चार महिन्यांत स्लॅब बसला तर?"

"एवढी वर्षं नाही बसला," नितेश म्हणाला आणि पुन्हा फोन उचलला.

त्यानंतरचे दिवस वनमालाचे वाईट गेले. सकाळी डोळा उघडला की पहिलं तिला वाटायचं, कुणी ओरडतंय का वर? भांडं पडलं तरी ती दचकायची. पोळी तव्यावर करपायची. दिवसातून तीन-चार वेळा टेकडीवर जायची, भेगेत हात घालून बघायची. भेग वाढलीय असं तिला वाटायचं, श्वेताला वाटायचं नाही. मग एक दिवस हात कोपरापर्यंत गेला. आत माती नव्हतीच. हाताला नुसती गार, दमट पोकळी लागली.

ती खाली बाजारात उतरली आणि हार्डवेअरच्या दुकानातून दोन मोठी कुलपं आणि साखळी घेऊन आली. दुपारची वेळ होती. श्वेतानं आत कोणी नाही हे बघून घेतलं. वनमालानं बायकांच्या दाराला साखळी घातली, मग पुरुषांच्या. आयुष्यात तिनं फिती कापल्या होत्या, नारळ फोडले होते, पण काही बंद करायची ही पहिलीच वेळ.

बातमी टेकडीभर व्हायला वेळ लागला नाही. संध्याकाळी बादल्या घेऊन बायका जमल्या, मागे पुरुष. वनमाला पायरीवर उभी राहून भेग दाखवत होती, पोकळी दाखवत होती. दोघी-तिघींनी हात घालून बघितला. बाकीच्यांना ते बघायचं नव्हतं.

"कायद्यानं बंद केलाय का?" एकानं मागून विचारलं.

"नाही. मी केलाय."

"तू कोण?"

हे तिला लागलं, पण त्याहून जास्त पुढचं लागलं. चव्हाण मावशी पुढे आल्या. वनमालाच्या पहिल्या निवडणुकीत याच मावशी घरोघर फिरल्या होत्या. बादली खाली ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या घरात संडास आहे, वनमाला."

वनमालानं मावशींची बादली उचलली. मग ती म्हणाली, "आहे. या तुम्ही. सगळ्या या."

बोलून गेली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून खरंच आल्या. तरण्याताठ्या हायवेपलीकडच्या पैसे देऊन वापरायच्या संडासात गेल्या, पुरुष कुठे कुठे पांगले. पण म्हाताऱ्या, पोटुशी बाया, लहान पोरी उतार उतरून वनमालाच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आल्या. स्वयंपाकघराच्या दारापासून जिन्यापर्यंत रांग. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या कडेवर मूल. वनमाला पिंपातून पाणी काढून देत होती, फिनेल टाकत होती. चंद्रप्रकाश लुंगी सावरत दाराबाहेर उभा होता. "माझ्याच घरात माका नंबर लावूचो लागता," तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला, पण हसलाही नाही. थोड्या वेळानं त्यानं रांगेतल्या एका आजीला आपली खुर्ची नेऊन दिली.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांत साठे आले. सभ्य माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. "वहिनी, तुमच्या भावना समजतात. पण आपली पाइपलाइन जुनी आहे. चोकअप झालं तर सगळ्या बिल्डिंगची वाट लागेल. तुम्ही थांबवलं नाहीत तर मला नोटीस काढावी लागेल."

"काढा," वनमाला म्हणाली. "निदान कुणाकडून तरी मला लेखी उत्तर मिळेल."

साठे गेले. दुपारी त्यांची बायको मागच्या दारानं आली. "ते सकाळी साडेसहाला फिरायला जातात," ती म्हणाली. "तेवढ्या वेळात चार-पाच जणींना आमच्याकडे पाठवत जा. त्यांना सांगू नका."

पण त्याच दुपारी पोलीस ठाण्यातून फोन आला. कुणीतरी पालिकेच्या ॲपवर कुलपाचा फोटो टाकून तक्रार केली होती. आजवर टेकडीवरून कितीतरी तक्रारी गेल्या होत्या. कुणी हललं नव्हतं. ही मात्र कुठल्याशा खिडकीतून वर पोचली. वनमाला निघाली तेव्हा चंद्रप्रकाशनं शर्ट चढवला. "मी येतंय," तो म्हणाला. ती नको म्हणाली, पण तो आलाच.

ठाण्यात टेबलापलीकडे पीएसआय बाई बसल्या होत्या. अलीकडे खुर्चीत जयवंत म्हात्रे. त्यानं वनमालाकडे बघितलं नाही.

"सार्वजनिक शौचालयाला तुम्ही कुलूप लावलंय?" बाईंनी विचारलं.

"हो."

"कुठल्या अधिकारात?"

वाटेत रिक्षामध्ये ती हाच प्रश्न घोकत आली होती. माजी नगरसेविका म्हणून? टेकडीवरची म्हणून? ती टेकडीवर राहतही नव्हती. "स्लॅब पडणार आहे," ती म्हणाली. "मला दुसरं काही सुचलं नाही."

"पडणार आहे की नाही हे ठरवायला लोक आहेत ना." बाई म्हात्रेकडे वळल्या. "बोला साहेब, तक्रार काय आहे तुमची? सरळ सांगा, लिहून घेते."

म्हात्रेनं घसा साफ केला. "सदर महिलेनं पालिकेच्या मालमत्तेला बेकायदा कुलूप लावून नागरिकांची गैरसोय..."

"कुणाच्या मालमत्तेला?" वनमालानं विचारलं.

म्हात्रे थांबला.

"तुम्ही बोला, म्हात्रे. मला नीट ऐकू आलं नाही. कुणाच्या?"

पीएसआय बाईंनी पेन थांबवून दोघांकडे बघितलं. म्हात्रेचे कान लाल झाले होते. तो तिच्याकडे बघत राहिला, मग टेबलाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. वनमालाला त्याची कीव आली. खुर्चीच्या पाठीवर चंद्रप्रकाशचा हात होता. तो घट्ट आवळला गेलेला तिला जाणवला.

"पालिकेच्या," म्हात्रे हळूच म्हणाला.

"लिहून घ्या, बाई," वनमाला म्हणाली. "माझ्यावर काय ते कलम लावा, पण हे आधी लिहा. शौचालय पालिकेचं आहे."

तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदली गेली. किल्ल्या जमा करून म्हात्रेच्या हाती दिल्या. बाहेर पडल्यावर म्हात्रे आपल्या मोटरसायकलपाशी उभा होता. हेल्मेट हातातच.

"मला वरून सांगितलं तक्रार करा, मी केली," तो म्हणाला. "डोक्यात आलंच नाही हो. आता साहेब मला फाडून खाणार."

"आज येणार का बघायला?"

"आता न येऊन सांगतो कुणाला," तो म्हणाला. "पालिकेच्या मालमत्तेची किल्ली माझ्या खिशात आहे."

तो आला. बरोबर दोन माणसं आणि पहार. उताराच्या बाजूनं भिंतीचा थोडा भाग काढला तेव्हा सगळ्यांना दिसलं. टाकीची बाहेरची भिंत सुटली होती, तिच्यामागची माती पावसापावसानं वाहून गेली होती. बायकांच्या बाजूचा अर्धा स्लॅब एका कडेवर टेकून नुसता अधांतरी होता आणि खाली काळं पाणी. म्हात्रेनं मोबाइल काढून फोटो घेतले. चव्हाण मावशी पुढे येऊन वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. "माझी नात रोज त्या टोकालाच जायची," त्या म्हणाल्या. "तिथे उजेड येतो म्हणून." पदर तोंडाला लावून वर निघून गेल्या.

बांधकाम पाडायला पुढे आठवडाही लागला नाही. त्याच्या जागी टेकडीच्या पायथ्याशी फिरत्या संडासांच्या दोन गाड्या आणून उभ्या केल्या. त्यांत पाणी संपायचं, दारं लागायची नाहीत, आणि वरच्या ओळीतल्या बायकांना सगळी टेकडी उतरावी लागायची. तक्रारी पुन्हा वनमालाकडे. "ताई, तुम्हीच पाडलात ना," एकजण म्हणाली. साठ्यांची नोटीस आली, तीही तिनं घेतली. पोलिसांतली तक्रार कुणी मागे घेतली नाही आणि पुढेही नेली नाही. म्हात्रेची बदली होणार अशी आवई उठली, पण झाली नाही.

मग एकदाची निवडणूक लागली. आरक्षणाच्या सोडतीत वॉर्ड खुला झाला आणि तिकीट नितेशला मिळालं. वनमालानं मागितलं होतं. "वहिनी, तुम्ही मार्गदर्शन करा," नितेश म्हणाला. टेकडीवर त्याचे फलक लागले. त्यांवर पाडलेल्या संडासाचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं की नितेश तावडे यांच्या पाठपुराव्याला यश. श्वेतानं तो फलक फाडायचा म्हणून हात घातला, वनमालानं तिला थांबवलं. "निवडून येऊ दे," ती म्हणाली. "कुणीतरी आत जाऊ दे. निदान दार वाजवायला कुणाचं तरी असू दे." असं म्हणाली खरी, पण त्या दिवशी ती एकटीच चालत चालत पार कांजूरमार्गापर्यंत जाऊन आली.

नितेश निवडून आला. नव्या शौचालयाचं भूमिपूजन ठरलं. मांडव, खुर्च्या, स्पीकर. वनमालाला पुढची खुर्ची ठेवली होती, पण ती श्वेताबरोबर मागे बायकांत उभी राहिली. नितेशनं कुदळ मारली, भाषण केलं, त्यात दोनदा तिचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाठीमागून कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं वळून बघितलं तर चव्हाण मावशी.

"झालं ना मनासारखं?" श्वेतानं विचारलं.

वनमाला मांडवाच्या खांबाकडे बघत होती. तिथे नव्या बांधकामाचा मोठा नकाशा लावला होता. गर्दीतून वाट काढत ती त्याच्यापाशी गेली, चष्मा वर सरकवून बघू लागली. पुरुषांची ओळ. बायकांची ओळ. बोट ठेवून तिनं चौकोन मोजले आणि पुन्हा मोजले.

"श्वेता, इकडे ये," ती म्हणाली. "बायकांच्या सीट कमी आहेत गं यात. जुन्यापेक्षाही कमी."

"अहो ताई, पण नारळ फुटला ना आता."

"नारळच फुटलाय. खड्डा कुठे खणलाय अजून?"

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जयवंत म्हात्रे पेढा खात उभा होता. वनमालानं नकाशा खांबावरून सोडवला, गुंडाळून काखेत धरला आणि खुर्च्यांच्या रांगेतून त्याच्याकडे निघाली. तिला येताना बघून म्हात्रेनं उरलेला पेढा पटकन तोंडात टाकला आणि हात रुमालाला पुसले. मग बाजूची खुर्ची ओढून त्यानं तिच्यासाठी मोकळी केली, पण ती बसली नाही. नकाशा तिनं त्या खुर्चीवरच उलगडून धरला.